पत्ता कुणाचा? मुंबई, इंटरनेट आणि गर्दीतला एकांत

मागच्या व्याख्यानानंतर ऑनलाइन ऐकणाऱ्या काही जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. दादरला घरी बसून मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडावं, तर ते म्हणतं तुम्ही नवी मुंबईत आहात, कधी म्हणतं पुण्यात आहात. आणि दुसरीकडे वर्तमानपत्रात वाचायला मिळतं की 'आयपी पत्त्यावरून पोलिसांनी आरोपीचा माग काढला'. यातलं खरं काय मानायचं?

दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे लक्षात न घेतल्यामुळे एका निरपराध माणसाला पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढावे लागले. तिथपर्यंत आपल्याला यायचं आहे, पण आम्ही जरा लांबून येणार आहोत. सवयच आहे आमची, काय करणार.

सुरुवात 'पत्ता' या शब्दापासूनच करू. मराठीत हा शब्द दोन कामं करतो. 'तुमचा पत्ता द्या' म्हणजे राहण्याचं ठिकाण. 'त्याचा पत्ता लागला' म्हणजे माणूस सापडला. पहिल्या वाक्यात जागा आहे, दुसऱ्यात व्यक्ती आहे. शब्द एक असल्यामुळे जागा सापडली की माणूस सापडला असं आपल्याला सहज वाटून जातं. आजचं सगळं व्याख्यान या दोन अर्थांमधल्या फटीबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता मुंबईत ही फट फार जुनी आहे. गिरणगावातली गावमंडळाची खोली आठवा, किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आठवा. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराची एक खोली. एकाच गावचे वीस-तीस, कधी त्याहून जास्त गडी त्या खोलीचे सभासद. कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या, कोण रातपाळीला. एक उठून कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा वळकटी पसरणार. कोकणातून, घाटावरून येणाऱ्या पत्रावर या सगळ्यांचा पत्ता एकच. चाळीचं नाव, खोली नंबर, बस्स. मग पत्र योग्य हातात कसं पडायचं? पोस्टमन ओळखायचा, खानावळीच्या बाई ओळखायच्या. म्हणजे पत्ता माणसाला खोलीपर्यंत आणून सोडत होता. खोलीपासून माणसापर्यंतचा शेवटचा तुकडा कुणाच्या तरी स्मरणात होता, कागदावर नव्हता.

ही खोली मनात नीट ठेवा. पुढे आपल्याला तिचा फार उपयोग होणार आहे.

सरकारने आपल्या परीने पत्ता आकड्यांत आणला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. सहा आकडी पिन कोड. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्ट-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिल्या आकड्यावरून विभाग कळतो, शेवटच्या तीन आकड्यांवरून पोस्ट ऑफिस. चाराने सुरू झाला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांपैकी काहीतरी. मुंबई म्हटलं की चारशेपासून. हा आकडा जमिनीला खिळलेला आहे. माणूस हलला तरी पिन कोड हलत नाही.

पण आकड्याऐवजी शब्दाचा पत्ताही या शहरात होताच, आणि तो त्याहून जुना. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई लंडनला जोडली गेली. तारेत शब्दाला पैसे पडायचे. पेढीचं नाव, रस्ता, इमारत हे सगळं लिहीत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून व्यापाऱ्यांनी तार ऑफिसात एकेक शब्द नोंदवून ठेवले. जुन्या लेटरहेडवर वरच्या कोपऱ्यात 'तार :' लिहून पुढे एखादा विचित्र शब्द छापलेला तुमच्यापैकी ज्येष्ठांनी पाहिला असेल. तो शब्द म्हणजेच पत्ता. शब्दाचं इमारतीत रूपांतर करणारी यादी तार ऑफिसात असायची. आज तुम्ही संकेतस्थळाचं नाव टाइप करता आणि कुठलातरी संगणक त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो, ती हीच युक्ती, फक्त कारकून नाही.

आणि खासगीपणा? तार कारकून वाचायचाच. त्याशिवाय ती जाणार कशी? म्हणून कापसाचे व्यापारी सांकेतिक शब्दांची पुस्तकं वापरत. त्यात पैसेही वाचत आणि भावही फुटत नसे. सरकारने मात्र १८८५ च्या तार कायद्यात संदेश अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवून घेतला. हा कायदा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला. तारसेवा २०१३ साली बंद पडली तरी कायदा शाबूत होता, कारण मधल्या काळात त्याच्याच छत्राखाली टेलिफोन आला आणि मग इंटरनेट.

इंटरनेट सामान्य माणसाला मिळू लागलं तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली. (या तारखेवर आपल्या खात्यांचं विशेष प्रेम दिसतं.) त्याआधी शैक्षणिक संस्थांचं 'अर्नेट' होतं. जुहूची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये ऐंशीच्या दशकातच ई-मेल जात होती. पण ते मूठभरांचं काम. १९९५ मध्ये विदेश संचार निगमने, आपल्या व्हीएसएनएलने, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे जोडण्या द्यायला सुरुवात केली. टेलिफोनच्या तारेतून, सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे आज एका फोटोला लागतो तेवढा ऐवज यायला चहा करून पिऊन व्हायचा. तोही घरातल्या कुणी मध्येच टेलिफोन उचलला नाही तर.

या पहिल्या काळातली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. मुंबईच्या ग्राहकाच्या ई-मेल पत्त्याचा शेवट असायचा 'जीआयएएस बीएम झीरो वन', पुढे डॉट व्हीएसएनएल. 'जीआयएएस' म्हणजे निगमच्या सेवेचं नाव, 'बीएम' म्हणजे बॉम्बे, आणि 'झीरो वन' म्हणजे यंत्राचा क्रमांक. पुण्याला 'पीएन', दिल्लीला 'डीएल'. शहराचं नाव त्याच वर्षी मुंबई झालं, ई-मेलमध्ये मात्र बॉम्बेचं 'बीएम' तसंच राहिलं. मुद्दा असा, की त्या काळी माणूस कुठल्या शहरातला हे त्याच्या पत्त्यात उघड लिहिलेलं होतं. त्यासाठी कुणाला काही शोधावं लागत नव्हतं.

आणि गंमत अशी की त्याहून जास्त काही कळतही नव्हतं. स्वस्तातलं 'शेल' खातं घेणारा माणूस निगमच्या यंत्रात शिरून तिथूनच बाहेर बघायचा. त्याच्या घरच्या संगणकाला जगात स्वतंत्र पत्ताच नव्हता. कुलाब्यापासून मुलुंडपर्यंतची हौशी मंडळी बाहेरच्या जगाला त्या एक-दोन यंत्रांच्या नावानेच दिसायची. हीच ती गावमंडळाची खोली. पत्र खोलीपर्यंत येणार, पुढचं निगमला माहीत.

मग १९९८ पासून खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पाचेक वर्षांत चित्र पालटलं. गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, पुढे केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकून अख्ख्या इमारतीला एका जोडणीवर बसवलं. त्या वेळी एकाच शहरातल्या दोन कंपन्यांची आपसात गाठ नव्हती. अंधेरीच्या माणसाने एका कंपनीकडून पाठवलेला मजकूर बोरिवलीच्या माणसाला दुसऱ्या कंपनीकडून मिळायचा, पण मध्ये तो अमेरिकेला जाऊन येत असे. देशातला मजकूर देशातच वळवण्यासाठी २००३ साली 'निक्सी' नावाची संस्था स्थापन झाली, तिचं एक केंद्र मुंबईत. देशाबाहेरचा मजकूर मात्र अजूनही मोठ्या प्रमाणावर वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येणाऱ्या समुद्री केबलींतून येतो. १८७० चीच वाट. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या तेव्हा इथली इंटरनेटची गती कोसळली होती.

आता २००७ कडे येऊ. 'ऑर्कुट' या संकेतस्थळावर कुणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला. संताप झाला, पुण्यात गुन्हा नोंदला गेला. पोलिसांनी संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीकडून आयपी पत्ता मिळवला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारलं की हा पत्ता कुणाचा, आणि कंपनीने एक नाव दिलं. बंगळुरूतला एक तरुण सॉफ्टवेअर अभियंता. ऑगस्टच्या अखेरीस त्याला पहाटे घरून उचललं, पुण्याला आणलं. पुढे उघड झालं की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तोवर पन्नास दिवस झाले होते.

हे होऊ कसं शकतं? इथे आपली खोली कामाला येते. बहुतेक कंपन्या ग्राहकाला कायमचा पत्ता देत नाहीत. हाताशी असलेले पत्ते फिरवत राहतात. सकाळी एका घरात असलेला आकडा संध्याकाळी दुसऱ्या घरात. म्हणजे पाळीपाळीने वापरायची वळकटी. 'या वळकटीवर कोण झोपतो?' हा प्रश्न मग अर्धवट ठरतो. 'मंगळवारी रात्री साडेदहाला कोण झोपला होता?' हा प्रश्न पुरा. त्यातही परदेशी कंपनीच्या नोंदीत घड्याळ बहुधा जागतिक वेळेचं असतं आणि आपलं साडेपाच तास पुढे. तो फरक जोडायला कुणी विसरलं, सकाळ-रात्रीची गल्लत केली, तर आकडा बरोबर आणि माणूस चूक. यादी खोटी नसते. विचारण्यात किंवा वाचण्यात खोट असते.

पुढच्याच वर्षी याची दुसरी बाजू दिसली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली. आयपी पत्ता निघाला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेचा. राहणारा अमेरिकन नागरिक. या वेळी यादी अचूक होती, घड्याळही अचूक होतं. जागा बरोबर सापडली. फक्त माणूस तो नव्हता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हतं आणि घराबाहेरून कुणीतरी ते वापरलं होतं. ऑगस्टमध्ये तशीच ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेली, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस गाडीतून लॅपटॉप घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरले आणि उघडी वाय-फाय शोधून लोकांना 'पासवर्ड लावा' असं सांगू लागले.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे जुन्या नैयायिकांची आठवण होणं अपरिहार्य आहे. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असणारच असं म्हणता येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर निघायला लाकूड ओलं असावं लागतं. ही जी मधली, न बोललेली अट, तिला ते 'उपाधी' म्हणतात. आता बघा. ई-मेल गेली म्हणजे कुठल्यातरी जोडणीतून गेली, हे अनुमान पक्कं. पण जोडणी अमक्याच्या नावावर आहे म्हणून ई-मेल अमक्याने पाठवली, यात 'एका खोलीत एकच माणूस राहतो' ही उपाधी लपलेली आहे. मुंबईत ही उपाधी कधी खरी होती? बिल कुणाच्या नावाने येतं हे आयपी पत्ता सांगतो. कळफलकावर हात कुणाचा होता, हे त्याला ठाऊकच नसतं. पोलिसांनी आयपी पत्त्यापासून तपास सुरू करू नये असं आमचं म्हणणं नाही, जरूर करावा. तिथे संपवू नये.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे, दादरकर नवी मुंबईत कसा दिसतो. आयपी पत्त्याला पिन कोडसारखी भौगोलिक रचना नाही. आकड्यांचे गठ्ठे आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था कंपन्यांना देते, आणि कंपनीने तो गठ्ठा कुठे वापरावा यावर जमिनीचं बंधन नसतं. मग काही धंदेवाईक कंपन्या नोंदवह्या पाहून, संदेश किती वेळात परत येतो हे मोजून आणि लोकांच्या फोनमधून मिळालेली ठिकाणं जुळवून एक अंदाजाचा तक्ता बनवतात. देश बहुधा बरोबर येतो, शहर कधी येतं कधी नाही. मोबाइलचा मजकूर तर कंपनीच्या ज्या केंद्रातून बाहेर पडतो तिथलंच ठिकाण दिसतं. तुमची खिडकी दादरला, पण दार ऐरोलीला. संकेतस्थळ दारावरची पाटी वाचतं.

अंदाज आहे असं म्हणून तो वापरला तर काही बिघडत नाही. अमेरिकेत तसं झालं नाही. तिथे एका कंपनीच्या तक्त्यात, ज्या पत्त्यांबद्दल 'अमेरिकेत आहे' यापलीकडे काही कळत नव्हतं, त्या सगळ्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू टाकून दिला होता. तो बिंदू पडला कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. साठ कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका घरावर! वर्षानुवर्षं तिथे पोलीस येत, फसवले गेलेले लोक येत, कर चुकवणाऱ्यांच्या शोधात अधिकारी येत. २०१६ साली एका पत्रकार बाईंनी हे शोधून काढलं, तोवर घरच्यांना कळत नव्हतं की लोक आपल्याच मागे का लागतात. तक्त्यात 'माहीत नाही' असं लिहायला रकाना नव्हता, एवढंच कारण.

आता गर्दीकडे वळू. मुंबईत भिंतींचा खासगीपणा फार थोड्यांच्या वाट्याला आला. चाळीत तर गॅलरीतून जाताना प्रत्येक घरातली चूल दिसायची. पण चाळीतून उतरून लोकलमध्ये शिरलं की तुम्हाला कुणी ओळखत नाही. जातीचं विचारत नाही, कुठे चाललात ते विचारत नाही. गावातून पळून आलेल्या जोडप्याला, आडनाव बदलून नोकरी शोधणाऱ्याला, संघटना बांधणाऱ्या कामगाराला या शहराने जो एकांत दिला तो गर्दीचा. दिसत सगळ्यांना होतात, पण नोंद कुणी ठेवत नव्हतं. पाहिलं जाणं आणि नोंदलं जाणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

इंटरनेटच्या इतिहासात ही गर्दी अपघाताने पुन्हा तयार झाली. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जेमतेम ४२९ कोटी. २०११ साली आशियाचा मुक्त साठा संपला. मग मोबाइल कंपन्यांनी एकेका पत्त्यामागे शेकडो-हजारो फोन बसवले. पुन्हा गावमंडळाची खोली! नव्या पद्धतीत, म्हणजे 'व्हर्जन सहा'मध्ये, पत्ते एवढे आहेत की प्रत्येक फोनला वेगळा मिळतो, आणि २०१६ नंतर भारतात तिचा झपाट्याने प्रसार झाला. तरी दोन्ही पद्धती सध्या शेजारी शेजारी नांदत आहेत.

खोली पुन्हा आली, पण खानावळीच्या बाई आल्या नाहीत. त्यांच्या जागी नोंदवही आली. २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेत ओळखपत्र सक्तीचं झालं, कुणी किती वाजता बसलं याची वही निदान वर्षभर ठेवायची आणि दोन संगणकांमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको. म्हणजे चाळीची गॅलरी, शिवाय वही. रेल्वे स्थानकांवर फुकट वाय-फाय आलं, त्याची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला झाली, पण मोबाइलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय दार उघडत नाही, आणि तो मोबाइल तुमच्या ओळखपत्रावर घेतलेला. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांना जोडणीच्या नोंदी दोन वर्षं ठेवायला सांगितलं. खानावळीच्या बाईंना दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार आठवत नसे, आणि त्यांच्याकडून माहिती काढायची तर समोर बसून विचारावं लागे. बाई 'मला नाही ठाऊक' म्हणू शकत. वही म्हणत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे पाहिलं आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधनं घातली, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला चालवणारे पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायाधीश, वय नव्वदीच्या घरात. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. कंपन्यांवर त्याने जबाबदाऱ्या टाकल्या हे चांगलंच. पण सरकार ज्या आपल्या यंत्रणांना सुरक्षेसारख्या कारणांसाठी वगळू इच्छील, त्यांना वगळण्याची तरतूदही त्यातच आहे. बंगळुरूच्या त्या अभियंत्याच्या बाबतीत कंपनी आणि पोलीस या दोघांच्या मधला दुवा तुटका होता. नवा कायदा यातल्या एकाच टोकाकडे नीट पाहतो, असं आमचं मत आहे.

एक शेवटची गोष्ट सांगून प्रश्नोत्तरांकडे जाऊ. एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने व्हीपीएन, म्हणजे आयपी पत्ता झाकणारी सेवा देणाऱ्यांना सांगितलं की ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवा. त्यावर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातली आपली यंत्रंच काढून घेतली. पण परदेशात बसून भारतीय संकेतस्थळं पाहणाऱ्या ग्राहकांना भारतीय पत्ता तर हवाच होता. मग त्यांनी सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या यंत्रांना भारतीय आयपी पत्ते लावले. तेव्हापासून ठिकाण सांगणाऱ्या तक्त्यात जे 'भारत' म्हणून दिसतं, त्यातली काही यंत्रं भारतात नाहीतच.

हं, विचारा आता. मागच्या रांगेतून हात वर होता बराच वेळ.